बहात्तरच्या दुष्काळाची नातवंडे

1901 साली वऱ्हाडात शिरगणती झाली, तेव्हा बाशीम जिल्ह्यात माणसे भरली 3,53,410. आधीच्या शिरगणतीपेक्षा शेकडा अकरा कमी. मधल्या दहा वर्षांत या मुलखाने दोन दुष्काळ सोसले होते, एक 1896-97चा आणि दुसरा 1899-1900चा. पुढे 1905मध्ये हा जिल्हाच मोडला. वाशीम या नावाने तो पुन्हा उभा राहायला 1 जुलै 1998 उजाडावा लागला. मानोरा तालुक्यातले इंझोरी आज याच जिल्ह्यात येते. कपाशी, तूर आणि अलीकडे सगळीकडे सोयाबीन, असे हे रान.

दुष्काळाचा इतिहास आपण मेलेल्यांच्या आकड्यांतून वाचतो. माणसे किती गेली, ढोरे किती गेली, सारा किती माफ झाला. जी माणसे त्यातून तगली त्यांच्या शरीरात काय उरले, हे कोणत्याही शिरगणतीत येत नाही. जी त्या वेळी आईच्या पोटात होती त्यांची तर नोंद व्हायचे कारणच नव्हते. या लेखाचा विषय तीच माणसे आहेत.

इंग्रज सरकारने भुकेचा हिशेब फार बारकाईने केला होता. 1877च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढी मजुरी पुरे, असे ठरवले. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. तेवढ्यावर खडी फोडायची, माती वाहायची. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या कारभाराविरुद्ध आवाज उठवला होता. पुढे दुष्काळ संहिता झाली, मजुरीची कोष्टके सुधारली. पण हिशेब राहिला तो जीव टिकण्याचाच. कामावरची बाई दोन जिवांची असेल, तर त्या दुसऱ्या जिवाचे हाड, मांस, यकृत, स्वादुपिंड कशातून घडायचे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारत नव्हते.

स्वतंत्र महाराष्ट्राने तो हिशेब बराच माणुसकीने केला. 1970पासून पावसाने दगा द्यायला सुरुवात केली आणि 1972 साली कहर झाला. सह्याद्रीच्या पूर्वेकडची, पर्जन्यछायेतली गावे होरपळली. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना आजही दोन शब्द सांगावे लागत नाहीत, मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. सुकडी म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोडसर, कोरडा खाऊ, कामावर लहानांना आणि मोठ्यांना वाटला जाई. रस्त्यांची, पाझर तलावांची, नालाबांधांची कामे निघाली. मे 1973मध्ये या कामांवर जवळजवळ 50 लाख माणसे होती. त्यांत बायांची संख्या मोठी होती. डोक्यावर पाटी, कडेला तट्ट्याच्या सावलीत निजवलेले लेकरू, आणि कित्येकींच्या पोटात आणखी एक. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच धगीतून राज्यभर पसरली आणि पुढे तिचा कायदा झाला. भुकेने माणसे किड्यामुंगीसारखी मेली नाहीत, ही त्या काळातल्या महाराष्ट्राची खरोखर मोठी कामगिरी आहे आणि ती कोणी कमी लेखू नये.

मात्र मरण टळले म्हणजे पोषण झाले असे होत नाही. मिलोने पोट भरत होते. दूध नव्हते, कारण जनावरे छावणीत किंवा बाजारात गेली होती. पालेभाजी नव्हती, कारण विहिरीला पाणी नव्हते. आणि गर्भ घडायला नेमके तेच लागते.

गर्भाला अन्न कमी पडले की शरीर आधी मेंदू राखते. रक्ताचा ओघ तिकडे वळतो आणि पोटातल्या अवयवांवर, स्नायूंवर काटकसर होते. यकृत लहान राहते, मूत्रपिंडातल्या गाळण्या कमी तयार होतात, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी कमी पडतात. या अवयवांची उभारणी एका ठरावीक मुदतीत व्हायची असते. ती मुदत टळली की पुढे कितीही तूप-रोटी खाल्ली तरी राहिलेले बांधकाम पुरे होत नाही. त्यातही पोटात मुलगी असेल, तर आणखी एक गोष्ट घडलेली असते. पाचव्या महिन्यापर्यंत त्या मुलीच्या अंडाशयात तिची साठ-सत्तर लाख बीजे तयार झालेली असतात. म्हणजे 1973 साली जन्मलेल्या मुलीला पुढे जे मूल झाले, त्याचे अर्धे बीज आजीच्या पोटात, दुष्काळी कामावर, मिलोच्या भाकरीवर घडले होते.

याच सत्तरच्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानूबाई कोयाजी यांनी शिरूरकडच्या कोरडवाहू भागात, वढू बुद्रुक येथे, ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावातल्याच बाया निवडायच्या, त्यांना शिकवायचे आणि आरोग्याचे काम त्यांच्या हाती द्यायचे, अशी त्यांची रीत होती. 1993 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांच्याच रुग्णालयातून एका अभ्यासाला सुरुवात झाली. बानूबाईंनी गावागावांत जो विश्वास कमावला होता, त्यावाचून तो अभ्यास एक पाऊलही पुढे गेला नसता, असे मला वाटते.

हा अभ्यास मांडला डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. ऑक्सफर्डला काम करून ते पुण्यात परतले, मधुमेहाचे रुग्ण तपासू लागले आणि पुस्तकातला मधुमेही आणि समोरचा मधुमेही यांचा मेळ बसेना. पुस्तकातला माणूस पन्नाशी-साठीचा आणि लठ्ठ होता. पुण्यातला रुग्ण दहा-पंधरा वर्षांनी तरुण, वजनाने हलका, हातापायांनी काटकुळा आणि पोटाशी मात्र सुटलेला. हा आजार पोट भरलेल्यांचा, तर मग या हडकुळ्या माणसांना तो का व्हावा?

उत्तराचा एक धागा इंग्लंडमध्ये सापडत होता. हर्टफर्डशर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या परिचारिका-अधिकारी बाईंनी 1911पासून प्रत्येक बाळाचे जन्माचे वजन आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन वहीत लिहून ठेवायची शिस्त लावली होती. साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्या शोधून काढल्या आणि त्यांतली बाळे म्हातारपणी कशाने आजारी पडली, कशाने गेली, हे पडताळले. जन्मताना जी हलकी होती त्यांच्यात हृदयविकार आणि मधुमेह जास्त निघाला. 1992मध्ये बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी यावर सिद्धान्त मांडला. पोटातली उपासमार शरीराला काटकसरीची सवय लावते आणि पुढे सुबत्ता आली की तीच सवय घातक ठरते, असे त्याचे सार. बार्कर यांच्या सहकारी डॉ. कॅरोलिन फॉल पुण्याच्या कामात सामील झाल्या. केईएममध्ये 1987 ते 89 या काळात जन्मलेल्या मुलांना चौथ्या वर्षी ग्लुकोज पाजून रक्त तपासले, तर जन्मवजन कमी असलेल्या मुलांत साखर आणि इन्सुलिन दोन्ही चढे. चार वर्षांच्या लेकरांत!

पण ही झाली दवाखान्यात जन्मलेली मुले. खरे उत्तर हवे, तर आई गरोदर राहण्याआधीपासून बघायला हवे होते. म्हणून पुण्याजवळची सहा दुष्काळी गावे निवडली. लग्न झालेल्या, मूल होण्याच्या वयातल्या 2,466 बाया अभ्यासात आल्या. महिन्या-महिन्याला कार्यकर्ती घरी जाई, पाळीची तारीख विचारून लिही. पाळी चुकली की पुढची मोजमापे सुरू होत. बाई काय खाते, किती खाते, पाणी किती लांबून आणते, शेतात किती वेळ राबते, हे सगळे टिपले जाई. आहाराची बाजू आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी सांभाळली. बाळ जन्मले की 72 तासांच्या आत, मग ते घरी असो की माहेरी, वजनकाटा आणि टेप घेऊन माणूस पोचे.

या बाया कशा होत्या? गरोदरपणाआधीचे सरासरी वजन 42 किलोच्या आसपास. उंची पाच फुटांच्या किंचित खाली. दिवसाचा आहार सुमारे 1,800 कॅलरी, आणि त्यावर शेतातले काम, धुणे, पाणी. सरासरी वय साधारण एकवीस.

बाळंतपणे झाली 1994 ते 96मध्ये. त्यातून एकवीस वर्षे वजा केली की आपण येतो 1973 ते 75वर. हा हिशेब माझा आहे, अभ्यासाचा निष्कर्ष नव्हे. पण शिरूर-खेडच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या ज्या बाया 1994मध्ये बाळंत झाल्या, त्यांतल्या कितीतरी जणी बहात्तर-त्र्याहत्तरच्या त्या दोन वर्षांत स्वतः आईच्या पोटात किंवा अंगावर होत्या. त्यांची बाळे म्हणजे त्या दुष्काळाची नातवंडे.

आता ही बाळे जवळून पाहू. सरासरी वजन 2.7 किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. एवढे अपेक्षितच होते. मग एकेक माप जोडीला लावून पाहिले. पोटाचा घेर सगळ्यात कमी भरला, म्हणजे आतले अवयव लहान. दंडाचा घेरही खूप कमी, म्हणजे स्नायू तोकडे. डोके आणि लांबी त्यामानाने बऱ्यापैकी राखलेली. शेवटी एक चिमट्यासारखे साधन घेऊन बाळाच्या पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली, कातडी आणि तिच्याखालची चरबी चिमटीत धरून मोजली. इतर सगळ्या मापांत इंग्लिश बाळांच्या खूप मागे असलेले हे बाळ चरबीच्या मापात मात्र जवळजवळ त्यांच्या बरोबरीला आले. पावणेतीन किलोचे कुडीने बारके लेकरू, आणि त्याच्या अंगात स्नायूच्या मानाने चरबी जास्त. नाळेच्या रक्तात इन्सुलिनही चढे होते. पुढे लंडनच्या डॉ. नीना मोदी यांनी पुण्याच्या आणि लंडनच्या नवजात बाळांचे एमआरआय काढले. पुण्याच्या बाळांच्या पोटातली चरबी जास्त दिसली. 2003 साली छापून आलेल्या निबंधात या बाळाला नाव मिळाले, ‘थिन-फॅट’ भारतीय बाळ. दिसायला बारीक, आतून चरबीचे.

पाठोपाठ 2004मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन माणसांचे छायाचित्र छापून आले आणि ते जगभर गाजले. एक डॉ. याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन यूडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र यूडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. यूडकिन मॅरेथॉन धावणारे, तेव्हा फरकात त्याचाही वाटा असणार, हे दोघांनी तिथेच नमूद केले. आणि आईच्या पोटात असताना झालेल्या कुपोषणाची शक्यताही मांडली. शहरातल्या शिकलेल्या, नोकरदार माणसालाही ही गोष्ट लागू पडते, हे त्या एका चित्राने दाखवले. वजनकाट्यावर ‘नॉर्मल’ आलेला मराठी माणूस निर्धास्त राहू शकत नाही.

मग या बायांच्या ताटात नेमके कमी काय होते? शोभा राव यांच्या पाहणीत एक फार महत्त्वाची गोष्ट पुढे आली. गरोदरपणात किती कॅलरी पोटात गेल्या, किती प्रथिने गेली, याचा बाळाच्या वजनाशी फारसा मेळ बसला नाही. मेळ बसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. पालेभाजी वरचेवर खाणाऱ्या बायांची बाळे भरली होती. आणि ज्या बाया जास्त राबत होत्या त्यांची बाळे लहान. वऱ्हाडातल्या वाचकाला यात नवे वाटू नये. अंबाडी, चिवळ, तरोटा, शेवगा हे आपल्या बांधावरचेच. पण घरातली गडीमाणसे जेवून उठली, लेकरे जेवली, की भांड्यात उरलेल्या वरणाच्या पाण्याला भाकरी लावून खाणारी सून, आणि ‘जास्त जेवलीस तर मूल मोठे होईल, बाळंतपण अवघड जाईल’ म्हणणारी सासू, हीही आपलीच.

रक्ताच्या तपासणीत आणखी एक पदर उलगडला. दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात बी-12 हे जीवनसत्त्व कमी होते. ते मिळते दूध, अंडी, मांस, मासळीतून, आणि या घरांत त्या गोष्टी क्वचितच शिजत. फोलेट मात्र जवळजवळ सगळ्यांच्याच रक्तात पुरेसे. ही दोन्ही जीवनसत्त्वे पेशींत जोडीने काम करतात आणि कोणते जनुक चालू राहावे, कोणते मिटावे, याची खूण त्या कामातून पडते. ज्या मातांत बी-12 कमी आणि फोलेट भरपूर होते, त्यांच्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. 2008मध्ये हा निष्कर्ष छापून आला. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणारी गोळी लोह आणि फॉलिक ॲसिडची असते. ती गोळी गरजेचीच आहे, ती कोणी बंद करू नये. तिच्या जोडीला बी-12 हवे, एवढाच याचा अर्थ.

त्या मुलांच्या मागे केईएमची माणसे वर्षानुवर्षे राहिली. मुले अठरा वर्षांची झाली, तेव्हा 619 जणांची साखर तपासली. त्यांतली निम्मी, 48 टक्के, अजूनही प्रमाणापेक्षा कमी वजनाची होती. तरीही मुलांपैकी 37 टक्के आणि मुलींपैकी 18 टक्के जणांची साखर बिघडलेली निघाली. बहुतेकांची मधुमेहाच्या उंबरठ्यावर. अठरा वर्षांचे, खेड्यातले, बरगड्या मोजाव्यात असे पोर! त्याला ‘गोड कमी खा, चालायला जा’ असे सांगून काय उपयोग?

जगात इतरत्रही या गोष्टीची साक्ष आहे. 1944-45च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. त्या भुकेच्या महिन्यांत जी मुले ॲमस्टरडॅममध्ये गर्भात होती, त्यांची साखर पन्नाशीत बिघडलेली आढळली. लेनिनग्राडच्या वेढ्यात मात्र, जिथे भूक त्याहून भीषण आणि लांब होती, असा परिणाम दिसला नाही. तज्ज्ञांनी याचे एक कारण दिले ते असे, की हॉलंडमध्ये नाकेबंदी उठताच भरपूर अन्न आले आणि मुले झपाट्याने भरली. लेनिनग्राडमध्ये ओढगस्त पुढेही चालू राहिली. पोटात उपास आणि बाहेर आल्यावर सुकाळ, हा बदल शरीराला झेपत नाही. पुण्यातही, केईएममध्ये जन्मलेल्या मुलांत, आठव्या वर्षी सर्वांत वाईट स्थिती त्याच मुलांची होती, जी जन्मताना सर्वांत हलकी आणि आठव्या वर्षी सर्वांत वजनदार होती. आपल्याकडे एका पिढीत ज्वारीची भाकरी गेली आणि पाच रुपयांचे बिस्किट-कुरकुऱ्यांचे पुडे किराणा दुकानात लटकले. हा बदल किती महागात पडतो आहे, ते या आकड्यांवरून समजावे.

हॉलंडची उपासमार काही महिन्यांची. आपली किती पिढ्यांची? डॉ. आनंद हर्डीकर, याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांत इन्सुलिन चढे, बी-12 कमी आणि मधुमेहाकडे कल निघाला. मग त्यांना दोन पिढ्या पोटभर खाऊ घातले. बिघाड दुरुस्त झाला नाही. अनेक जाणकार भारतीयांच्या मधुमेहाचे खापर जनुकांवर फोडतात. जनुकांचा वाटा असेलही, पण हा प्रयोग वाचल्यावर मला दुष्काळांची यादी जास्त बोलकी वाटते: 1877, 1897, 1900, 1972.

तरी ही गोष्ट हात टेकण्याची नाही. मुंबईतल्या झोपडवस्त्यांत 2006पासून ‘सरस’ प्रकल्प चालला. पालेभाजी, दूध, फळे घालून केलेला खाऊ बायांना रोज द्यायचा आणि गर्भ राहण्याआधीपासून सुरुवात करायची, असा तो होता. दुसऱ्या गटाला कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा खाऊ. गरोदरपणातला मधुमेह दुसऱ्या गटात 12.4 टक्के आणि पहिल्या गटात 7.3 टक्के निघाला. ज्यांनी गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने खाऊ खाल्ला त्यांच्या बाळांचे वजनही वाढले. पुण्याच्या गावांत 2012मध्ये त्याच नातवंडांना, ती वयात येत असताना, बी-12च्या गोळ्या देण्याचा प्रयोग सुरू झाला. मुली आणि मुले, दोघांनाही. त्यांना आता मुले होत आहेत.

2025 साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणातून होणाऱ्या, किडकिडीत तरुणांच्या मधुमेहाला ‘टाइप 5’ म्हणून मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने 1985मध्ये असा प्रकार मानला होता आणि 1999मध्ये यादीतून काढून टाकला होता. भुकेतून साखर बिघडते, हे जगाने पुन्हा मान्य करायला पाव शतक घेतले.

इंझोरीत असा, मानोऱ्यात असा की वाशीमला, वाचकांना माझे तीन गोष्टींचे मागणे आहे. घरात मूल जन्मले की अंगणवाडीच्या कार्डावरचे जन्मवजन जपून ठेवा. अडीच किलोच्या आतले असेल, तर ते मूल मोठे झाल्यावर त्याच्या डॉक्टरला सांगा. घरात कोणाला शुगर असेल किंवा जन्मवजन कमी असेल, तर अंगाने बारीक आहे म्हणून थांबू नका, पंचविशी-तिशीतच रक्त तपासून घ्या. आणि मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिच्या ताटात रोज पालेभाजी, दूध आणि चालत असेल तर अंडे पडेल असे बघा. लग्न ठरल्यावर, दिवस गेल्यावर सुरुवात केली तर उशीर झालेला असतो.